मृगाआधीची हिरवाई

अतिवृष्टीनंतर गावात पंचनामे सुरू झाले की पिकांच्या नुकसानीबरोबर आणखी दोन नोंदी कागदावर येतात. एक ‘खरडून गेलेली जमीन’ आणि दुसरी ‘गाळ साचलेली जमीन’. हा गाळ तीन इंचांहून जाड असेल तरच मदतीच्या निकषात बसतो. २२ जुलै २०२३ रोजी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत नदी-नाल्यांनी जे केलं, त्यानंतर बुलढाणा जिल्ह्यातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना हे दोन्ही शब्दप्रयोग तोंडपाठ झाले. एकाच्या वावरातून जे गेलं तेच खालच्याच्या वावरात येऊन बसलं. पीक पुढच्या वर्षी पुन्हा घेता येतं. एक इंच माती तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात आणि ती जायला एक रात्र पुरते.

अशा पुरानंतर ‘झाडं लावा’ हा सल्ला सगळीकडून येतो. कोणती, हे विचारलं की उत्तर येतं, ‘सदाहरित लावा’. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कारण बुलढाणा हा सदाहरित वनांचा मुलूख नव्हेच. दक्षिणेला चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजाचं पठार, मधून आडवी गेलेली अजिंठ्याची रांग, तिच्या उत्तरेला पूर्णेचं सपाट काळं खोरं आणि अगदी वरच्या टोकाला सातपुडा, असा हा जिल्हा आहे. पाऊस वर्षाला साधारण सातशे-आठशे मिलिमीटर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अशा हवामानात रानाने स्वतःहून निवडलेली तऱ्हा पानझडीची आहे. ज्ञानगंगा अभयारण्यात किंवा अंबाबरवाच्या डोंगरात एप्रिल-मेमध्ये गेलात तर साग, सालई, धावडा, पळस सगळे उघडे-बोडके उभे दिसतील. पाणी नाही तर पानं कशाला पोसायची, हा त्यांचा हिशोब आहे आणि तो चोख आहे.

मग सदाहरित झाडांचा आग्रह का धरायचा? सावली, शोभा, धूळ अडवणं ही उत्तरं बागेपुरती ठीक आहेत. उतारावरच्या मातीच्या दृष्टीने खरं कारण कॅलेंडरात दडलेलं आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, रोहिणी संपून मृग लागताना, वळवाच्या ज्या जोरकस सरी येतात त्या वर्षातल्या सगळ्यात घातक सरी असतात. त्या वेळी गवत वाळून, चरून संपलेलं असतं. वावर नांगरून, वखरून मोकळं पडलेलं असतं. पानझडी झाडांना पालवी फुटायला अजून अवकाश असतो. आठ महिने भाजलेली, भुसभुशीत झालेली माती उघडी असते आणि आभाळ फाटतं. ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस पडला तरी तेवढं नुकसान होत नाही, कारण तोवर जमिनीवर काहीतरी हिरवं आलेलं असतं. तेव्हा एखादं झाड धूप थांबवायला योग्य आहे का, हे ठरवायचं असेल तर त्याच्याकडे पावसाळ्यात पाहू नये. ७ जूनला पाहावं. त्या दिवशी त्याच्या अंगावर पानं आहेत का आणि त्याच्या पायाशी काय आहे, एवढंच विचारावं.

‘पायाशी’ हा शब्द मुद्दाम वापरला. झाडं लावली की माती थांबते, ही समजूत बरीच ढोबळ आहे. पावसाचा मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरांचा असतो आणि सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या वर वेगाने जमिनीवर आदळतो. त्या आघाताने उडालेले मातीचे कण दोन फूट उंच आणि चार-पाच फूट बाजूला जाऊन पडतात. उतारावर हे उडणं खालच्या अंगाला जास्त होतं. कण सुटे झाले की पुढचं वाहून नेण्याचं काम पाणी करतं. आता या थेंबाच्या वाटेत झाड आलं तर? झाड बुटकं आणि बारीक पानांचं असेल तर थेंब फुटतो, त्याचा जोर मोडतो. पण झाड उंच आणि रुंद पानांचं असेल तर पानांवर अनेक थेंब एकत्र येतात, आधीपेक्षा मोठा थेंब तयार होतो आणि आठ-दहा मीटरांवरून पडताना तो पुन्हा जवळपास पूर्ण वेग पकडतो. सागाच्या रोपवनात हा प्रकार चांगलाच दिसतो. खाली झुडूप नाही, पाचोळा वणव्यात जळून गेलेला, अशा सागाच्या रांगांखाली माती धुपून मुळं उघडी पडलेली असतात. वरून पाहणाऱ्याला मात्र ते जंगल दिसतं!

म्हणून उतारावर क्रम असा ठेवावा लागतो: आधी गवत, मग झुडूप आणि सगळ्यात शेवटी झाड. आपल्याकडे वृक्षलागवडीच्या मोहिमांत तो नेमका उलटा होतो, कारण आकडा झाडांचा सांगायचा असतो. राज्य सरकारने २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प केला होता. त्यात करवंदीची किती झुडपं होती, हे कोणी विचारलं नाही.

करवंदीचंच उदाहरण घेऊ. पान लहान, जाड, चामड्यासारखं आणि वरून चकचकीत. ऊन परतवायला आणि पाणी धरायला असंच पान लागतं. फांद्या जमिनीलगत पसरतात, एकमेकींत अडकतात, जोडीजोडीने काटे असतात. शेळी बाहेरचा शेंडा खुडते, पण आत तोंड घालत नाही. त्या जाळीच्या आत पाचोळा अडकतो, पाचोळ्याला माती अडते आणि त्या मातीत दुसऱ्या एखाद्या झाडाचं बी शेळीपासून सुरक्षित रुजतं. डोंगरात करवंदीच्या जाळीतून वर आलेलं मोठं झाड पाहिलंत, तर ते कोणी वनमजुराने लावलेलं नाही असं खुशाल समजा. बरड, मुरमाड टेकडीवर हेच काम हेकळ करते. दिसायला ती अगदीच सामान्य, काटेरी, आणि बागेच्या कुठल्याच पुस्तकात नसते. पण जिथे मुरमावर बोटभरही माती उरलेली नाही, तिथे मेमध्ये हिरवी दिसणारी हीच.

नाल्याच्या काठाला निर्गुडी. तिची फांदी ओल्या मातीत खोचली तरी फुटते, जनावर तिला तोंड लावत नाही आणि पूर आला की ती मोडण्याऐवजी वाकते. ओल असेल तिथे ती बारमाही हिरवी राहते. तिच्या जोडीला कण्हेर. बंगल्याच्या फाटकाशी शोभेला लावायचं झुडूप एवढीच तिची ओळख आपल्याला असते. ती मुळात कोरड्या नदीपात्रांतल्या खडकांत वाढणारी वनस्पती आहे. पुराचा लोंढा आणि नंतरचे आठ महिने कोरडे, या दोन्हींची तिला सवय आहे. महामार्गाच्या दुभाजकांत ती सर्रास लावतात, त्यामागे हेच आहे. धूर, धूळ, तापलेलं डांबर तिला चालतं, विषारी असल्याने गुरं खात नाहीत आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोतही अडतो. घरात लहान मुलं असतील तर मात्र अंगणात ती नको. विष पानापासून मुळापर्यंत सगळीकडे असतं.

मोठ्या झाडांत या जिल्ह्यासाठी माझं पहिलं मत करंजाला. काटेकोर बोलायचं तर करंज सदाहरित नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची पानं गळतात, पण थोड्याच दिवसांत पोपटी पालवी येते आणि मेच्या उन्हात गर्द सावली तयार असते. मुळं आडवी लांबवर जातात आणि त्यांना धुमारे फुटतात, त्यामुळे काठ बांधला जातो. शेंगवर्गीय असल्याने मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळतं. गुरं पाला फारसा खात नाहीत. कडुलिंबाचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिवळा पाला झडतो आणि गुढीपाडव्याला कोवळी पानं हजर असतात. अशा झाडांना वनस्पतिशास्त्राची पुस्तकं काहीही म्हणोत, मृगाच्या हिशोबात ती सदाहरितच. जांभूळ आणि उंबर नाल्याकाठी, चिंच खोल मातीत, खिरणी मात्र ज्याला नातवंडांसाठी लावायची हौस आहे त्याने लावावी. ती फार सावकाश वाढते.

मेमध्ये हिरवं राहणं हीच एकमेव कसोटी धरली तर एक झाड या सगळ्यांना मागे टाकतं, ते म्हणजे वेडी बाभूळ. खारी जमीन, पडीक जमीन, नाल्याची दरड, काहीही चालतं. पाणी नको, राखण नको, बारा महिने हिरवीगार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली ती याच गुणांसाठी. पण तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. गवत नाही म्हणजे माती उघडीच, आणि शेंगा खाणारी जनावरं शेणातून तिचं बी गावभर पेरत जातात. लोणार सरोवराच्या काठावर तिने असा ठिय्या दिला की ती काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

लोणारचा विषय निघालाच आहे, तर तिथे थोडं थांबायला हवं. झाड निवडायचं कसं, याचा यापेक्षा चांगला धडा जिल्ह्यात नाही. सुमारे पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं हे उल्काविवर. भोवती बशीच्या कडेसारखा चढ, आत तीव्र उतार आणि तळाशी अत्यंत अल्कधर्मी पाणी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात तिथल्या झाडीचं वर्णन आहे. आतल्या उतारांवर सागाची कोवळी झाडं, तळाशी मोठ्या झाडांचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात एकात एक कडी असावीत तशी जात बदलत जाते. आधी खजुरीची झाडं, मग चिंचेचं रुंद कडं, त्याच्या आत बाभळी आणि सगळ्यात आत, पाण्याला लागून, काहीच न उगवणारा चिखल. हे कोणा माळ्याने आखलं नव्हतं. वरून खाली येताना उतार कमी होतो, माती खोल होत जाते, ओल वाढते आणि पाण्याजवळ क्षार वाढतो. ज्या झाडाला जिथवर सोसलं तिथवर ते आलं आणि पुढे दुसऱ्याने जागा घेतली. आपण लावणारे लोक नेमकी ही पायरी गाळतो. टेकडीच्या माथ्यापासून नाल्यापर्यंत एकच रोप, कारण रोपवाटिकेत त्या वर्षी तेच शिल्लक होतं.

एकाच झाडाच्या मागे लागण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि त्या दशकात सुबाभूळ म्हणजे सर्व रोगांवर औषध ठरलं. चारा, सरपण, खत, सावली सगळं त्यातच. १९८८ च्या सुमारास सिलिड नावाची बारीक रस शोषणारी कीड देशात आली आणि सुबाभळीचे शेंडे करपले. झाड मेलं नाही, पण त्याचा दिमाख ओसरला. आता ती आपोआप उगवणारं तण म्हणून कंपाउंडांच्या भिंतींतून डोकावते. त्यानंतर पाळी आली गिरिपुष्पाची. शेताच्या धुऱ्यावर हिरवळीचं खत म्हणून गिरिपुष्प उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. छाटून पाला वावरात टाकला की नत्र मिळतं, आणि हिवाळ्याअखेर झडलं तरी जूनपर्यंत पानं आलेली असतात. पण अख्खी टेकडी गिरिपुष्पाने भरून टाकायची आणि तिला वन म्हणायचं, हे मला पटत नाही. तिथे पक्षी येत नाहीत, गवत माघार घेतं, आणि पुढची किंवा तिच्या पुढची पिढी कशाची असणार हे कोणी विचारलेलं नसतं.

याउलट वाळा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या कामावर भारतात आलेल्या जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी वाळ्याच्या ओळी समपातळीत लावून माती अडवण्याचा प्रचार चालवला. त्याच सुमारास शेजारच्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही वाळ्याच्या बांधांचे प्रयोग झाले. तत्त्व साधं आहे. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाचं पाणी ती चोरत नाहीत. दाट जुड्यांची भिंत पाण्याला पूर्ण अडवत नाही, तर हळू करते. पाणी गाळलं जातं, गाळ मागे बसतो आणि दोन-चार पावसाळ्यांत ओळीच्या वरच्या अंगाला मातीची पायरी तयार होते. मातीचा बांध फुटतो, कारण तो पाणी अडवायला बघतो. इतकं सोपं तंत्र गावोगाव का पोचलं नाही? माझं उत्तर असं, की त्यात जेसीबी नाही, बिल नाही आणि फोटोही चांगला येत नाही.

यंत्रांच्या कामांना नावं ठेवायची नाहीत. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून घ्यायची, ही ‘बुलढाणा पॅटर्न’ची कल्पना चांगलीच होती. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने २०१८ च्या जलसंधारणाच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेत राज्यात दुसरा क्रमांक विभागून मिळवला तो गावाच्या श्रमदानावर. पण तलावातला गाळ काढणं म्हणजे वाहून आलेली माती पुन्हा उचलणं. ती वरून निघालीच नाही तर? त्यासाठी उतारावर सलग समतल चर खोदतात. असा चर खोदला की त्याच्या खालच्या अंगाला मातीचा भराव पडतो. तो भराव पहिल्या पावसातच परत चरात ढासळतो, जर त्यावर काही नसेल तर. तिथे मारवेल, पवन्या यांचं बी फोकून आणि करवंद-निर्गुडीच्या ओळी लावून चर टिकतात. चराईबंदी किमान तीन वर्षं पाळली तर पुढचं काम डोंगर स्वतः करतो. नाही पाळली तर मग सदाहरित काय आणि पानझडी काय, सगळं शेळीच्या पोटात.

पूर्णेच्या खोऱ्यातलं गणित आणखी वेगळं आहे. शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद या पट्ट्यात खारपाण जमीन लागते. ओली झाली की फुगते, चिकट होते आणि पाणी खाली उतरू देत नाही. वाळली की हातभर भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यात कोवळ्या रोपांची मुळं तुटतात, आणि नाल्याच्या दरडी उभ्याच्या उभ्या कोसळतात. इथे डोंगरातला सल्ला चालत नाही. करंज, आपली देशी बाभूळ, कडुलिंब आणि कण्हेर एवढ्यांवर भिस्त ठेवावी. बाभळीच्या सावलीत पीक खुरटतं ही शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे, पण नाल्याच्या काठावर तिच्या सावलीत पीक नसतंच.

याच मातीत घर बांधणाऱ्यांसाठी एक सूचना. काळ्या जमिनीवर पायाजवळ मोठं सदाहरित झाड लावू नका. ते उन्हाळाभर पानं राखतं म्हणजे उन्हाळाभर जमिनीतून पाणी ओढतं, त्या बाजूची माती जास्त आकसते आणि भिंतीला तडा जातो. दोष मुळांना दिला जातो, प्रत्यक्षात काम आकसलेल्या मातीचं असतं. झाड जेवढं उंच होणार, निदान तेवढं अंतर सोडलेलं बरं. पश्चिमेला कडुलिंब आणि कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा, एवढ्यावर वऱ्हाडातलं अंगण छान होतं. अडुळशाची पानं कडू, त्यामुळे मोकाट जनावर तो खात नाही. बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारांत सध्या कोनोकार्पसच्या हिरव्या भिंती उभ्या राहताना दिसतात. गुजरात सरकारने २०२३ मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली, हे निदान लावण्याआधी माहीत असावं. आणि शेगावचं आनंद सागर डोळ्यांसमोर ठेवून कोणी तशी बाग करायला निघालं, तर त्याने आधी तिथला तलाव आठवावा. पाण्याची सोय नसताना हिरवळ आणि पाम लावणं म्हणजे टँकरवाल्याला वर्षभराची नोकरी देणं.

राहिला प्रश्न रोपांचा. या प्रकरणात आलेल्या बहुतेक झाडांसाठी रोपवाटिकेत जायची गरजच नाही. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या मिळतात. बाभळीचं बी शेळ्यांच्या गोठ्यात सापडतं, रुजायला तयार झालेलं. निर्गुडीच्या फांद्या आणि वाळ्याच्या जुड्या ज्याच्याकडे आहेत तो मागितल्या तर नाही म्हणत नाही. करवंद, जांभूळ आणि लिंबोळी पिकतात ती मे ते जुलैमध्ये, म्हणजे लावायच्याच दिवसांत. मात्र या तिघांचं बी साठवून ठेवता येत नाही. लिंबोळीची उगवणशक्ती दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने घटते. तेव्हा पुढच्या वर्षीच्या मोहिमेसाठी डब्यात भरून ठेवू नका. गोळा कराल त्याच आठवड्यात, पहिला चांगला पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की, चराच्या भरावावर आणि धुऱ्यावर टोकून टाका. एका जागी तीन-तीन बिया टोका, त्यातली एक उंदरांची धरा.